मुलाचा तास



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी मुलांच्या खेळावर बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राचा पदवीधरही नव्हे. जे थोडेफार कळले ते वाचनालयातील पुस्तकांतून आणि सभासदांच्या घरी बसून कळले. तरीही हा विषय माझ्या कामाबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. ह्या विषयाच्या मुळाशी एक तास आहे, आणि तासाचा हिशेब मागणे हेच तर आमचे काम!

अलीकडे शाळेतून किंवा इस्पितळातून पालकांना सांगण्यात येते की, तुमच्या मुलाला ‘प्ले थेरपी’ द्या. मूल बोलेनासे झालेले असते, रात्री दचकून उठत असते, नाहीतर दिसेल त्याला मारत असते. आईबाप त्याला घेऊन जातात. तिथे काय दिसते? एक खोली, खेळणी, आणि मुलाबरोबर जमिनीवर बसलेल्या एक बाई. दार लागते. पाऊण तासाने मूल बाहेर येते. आत काय झाले ते कोणी सविस्तर सांगत नाही. बापाच्या मनात येते, ‘खेळायला पैसे मोजायचे? खेळतो की तो घरी!’ चारदोन खेपा होतात आणि मूल बंद केले जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या खोलीतला प्रत्येक नियम कोणीतरी, कोठेतरी, ठेच खाऊन शिकलेले आहे. तो इतिहास ठाऊक असला तर दाराबाहेर बसलेल्या आईबापांना नियमाचा अर्थ कळेल आणि मूल अर्ध्या वाटेवरून परत नेले जाणार नाही.

ह्या इतिहासाचा आरंभ व्हिएन्ना शहरात होतो. १९०९ साली सिग्मंड फ्रॉइड याने पाच वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. ‘लहानगा हान्स’ या नावाने ती ओळखली जाते. घोडा चावेल या भीतीने तो मुलगा रस्त्यावर जाईना. त्या काळी रस्ते घोडागाड्यांनी भरलेले. म्हणजे बाहेर पडणेच बंद. मौज अशी की, घरात मात्र तो स्वतःच घोडा होऊन दौडत असे. फ्रॉइडने त्याचा उपचार केला तो त्याच्या वडिलांमार्फत. वडिलांनी मुलाचे बोलणे-खेळणे टिपून पाठवायचे, फ्रॉइडने त्याचा अर्थ लावायचा. मुलाशी समोरासमोर भेट काय ती एकदा झाली. म्हणजे पहिल्याच प्रसंगात बाप उपचाराच्या मध्यभागी होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे बापाला आणि आईला दाराबाहेर बसवण्यात आले, आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा सन्मानाने आत बोलावण्यात आले.

व्हिएन्नातच हर्मिन हुग-हेलमुट नावाच्या शिक्षिकेने मुलांच्या घरी जाऊन त्यांचा खेळ पाहण्याचा परिपाठ ठेवला आणि १९२० साली हेग येथील परिषदेत आपल्या पद्धतीवर निबंध वाचला. पण घरी जाण्यातली अडचण पुरती उमगली ती मेलनी क्लाइन यांना. १९२३ साली बर्लिनमध्ये त्यांनी पावणेतीन वर्षांच्या एका मुलीवर तिच्या घरी उपचार केले, आणि अनुभवांती त्यांचे मत बनले की, घर ही त्याची जागा नव्हे. जिथे मूल रोज रागावते, रुसते, बोलणी खाते, तिथे त्याला मन मोकळे करता येत नाही. याच सुमाराची दुसरी हकीकत. सात वर्षांची एक मुलगी काही केल्या बोलेना. क्लाइनबाई उठल्या, आपल्या मुलांच्या खोलीतून काही मोटारी, चिमुकली माणसे, ठोकळे आणि एक आगगाडी एका पेटीत भरून घेऊन आल्या. मुलगी खेळू लागली आणि वाट सापडली. पुढे त्यांनी प्रत्येक मुलाच्या खेळण्यांसाठी कुलपाचा वेगळा खण ठेवला. एकाचा खण दुसऱ्याने उघडावयाचा नाही.

आज घरच्या खेळण्यांऐवजी तिथलीच खेळणी का, वेगळी खोली कशाला, आणि तिथली बाहुली घरी का नेऊ देत नाहीत, या प्रश्नांचे उत्तर ह्या अनुभवात आहे. खण मुलाचा, पण तो त्या खोलीतच राहतो. पुढच्या आठवड्यात आपले जग जिथे ठेवले तिथेच सापडेल, हा विश्वास मुलाला हवा असतो.

क्लाइनबाई १९२६ साली लंडनला गेल्या. त्यांच्याशी फ्रॉइडची मुलगी ॲना हिचा मोठा वाद झाला. ॲना फ्रॉइड मूळची प्राथमिक शिक्षिका. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तिने साधी गोष्ट सांगितली: मोठा माणूस आपल्या पायांनी उपचाराला येतो, मुलाला दुसरे कोणी आणते. तेव्हा आधी त्याचा विश्वास मिळवावा लागतो. त्यासाठी तिने बाहुलीचे कपडे विणले, एका मुलाची पत्रे टंकयंत्रावर उतरवून दिली. आमच्या अनुभवाशी हे जुळते. नव्या कारखान्यात गेलो की पहिले कित्येक दिवस आम्ही मागण्यांचे नावही काढीत नाही, फाटकाबाहेर चहा पितो. पहिल्या चार-पाच खेपांत ‘काहीच झाले नाही’ असे पालकांना वाटते, त्या खेपांत हेच काम चाललेले असते.

तिसऱ्या बाई मार्गारेट लोवेनफेल्ड. ह्या डॉक्टर. १९२८ साली त्यांनी लंडनमध्ये मुलांसाठी चिकित्सालय काढले. तिथे कपाटात चिमुकली घरे, माणसे, जनावरे आणि शेजारी वाळूचा ट्रे असे. मुलांनी आपण होऊन कपाटातल्या वस्तू वाळूत मांडल्या आणि त्या मांडणीला ‘जग’ असे नाव पडले. ही युक्ती एका अर्थी मुलांनीच शोधून काढली. शब्द अपुरे पडतात तिथे वाळू बोलते. म्हणूनच ‘माझ्या मुलाला नीट बोलता येत नाही, तो काय सांगणार?’ ही शंका इथे गैरलागू ठरते.

मग दुसरे महायुद्ध आले. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी निवासी बालगृहे चालवली. तिथल्या एका चार वर्षांच्या मुलाचे वडील हवाई हल्ल्यात मेले होते. तो कागदाची घरे मांडी आणि त्यांवर गोट्यांचे बॉम्ब टाकी. त्याच्या खेळात मात्र सगळी माणसे वाचत आणि घरे पुन्हा उभी राहत. हाच खेळ पुनःपुन्हा, महिनोन्‌महिने. पुढे एके दिवशी वडील गेले हे त्याला तोंडाने सांगता आले, आणि तो खेळ थांबला. आपले मूल दर आठवड्याला तीच मोटार आपटते, तीच बाहुली पुरते, म्हणून वैतागणाऱ्या पालकांनी हा मुलगा आठवावा. जे तोंडाला येत नाही ते हाताला येते, आणि हाताने पुरेसे केले की कधी तरी तोंडाला येते. त्या बालगृहांत आईबापांना केव्हाही येऊन मुलाला भेटण्याची मुभा होती, हेही सांगितले पाहिजे. बॉम्बपेक्षा ताटातूट मुलाला अधिक दुखावते, हे त्या दोघींच्या ध्यानात आले होते.

अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली ‘प्ले थेरपी’ याच नावाचे पुस्तक लिहिले. कार्ल रॉजर्स यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांनी खेळाची सूत्रे मुलाच्या हाती दिली. मूल जसे आहे तसे स्वीकारा. त्याला घाई करू नका. वाट त्याने दाखवावी, आपण मागून चालावे. आणि मर्यादा घाला, पण जरुरीपुरत्याच. १९६४ साली त्यांनी डिब्स नावाच्या अबोल मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. दर गुरुवारी एक तास. तास संपला की कितीही रडले तरी तास संपला. आणि पुढल्या गुरुवारी तो पुन्हा येणार, हेही तितकेच निश्चित. ह्या निश्चितपणातच मुलाला आधार सापडतो.

त्याच १९६४ साली बर्नार्ड गर्नी यांनी पालकांनाच अशा खेळाचे शिक्षण देण्याची पद्धत मांडली. हान्सच्या बापापासून निघालेली वाट अशी पुन्हा आईबापांपाशी आली. २००५ साली ९३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की, ज्या उपचारात पालकांचा सहभाग होता त्याचा गुण अधिक. आणि सर्वांत चांगला परिणाम साधारण ३५ ते ४० खेपांच्या आसपास. चारदोन खेपांत मूल बंद करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. काहींना याहून पुष्कळ कमी पुरतात, हेही खरे.

आपल्याकडे हे सारे कालपरवा आले असे समजू नये. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ साली निघाले आणि दुसऱ्याच वर्षी त्याने मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय उघडले. म्हणजे मुलाच्या मनाची विचारपूस मुंबईत ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाली. ती चाळीपर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागला.

आता आज घरच्या माणसांनी काय अपेक्षा ठेवावी ते थोडक्यात सांगतो. प्रथम मुलाचे कान, वाचा, फिट वगैरे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. उपचार करणाऱ्यांनी शिक्षण कोठे घेतले, कोणाच्या देखरेखीखाली काम करतात, हे विचारण्यात संकोच नको. पहिली भेट बहुधा आईबापांचीच असते. जन्मापासूनची माहिती विचारतात. घरातले भांडण, कर्ज, दारू, मृत्यू काही लपवू नये. मुलाला ‘डॉक्टरकडे जायचे’ असे धाकाने सांगू नये आणि ‘मजा करायला’ असे खोटेही सांगू नये. ‘तुला अलीकडे त्रास होतोय. तिथे एक ताई आहेत, त्यांच्याबरोबर तुला हवे ते खेळता येईल,’ एवढे पुरे. कपडे जुने घालावेत. माती, रंग लागणारच. मूल पहिल्या दिवशी पदर सोडणार नाही, चालते. बाहेर आल्यावर ‘काय खेळलास? शहाण्यासारखा वागलास ना?’ अशी झडती घेऊ नये. आतले सगळे तपशील तुम्हांला कळणार नाहीत. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल तर तो सांगितला जातोच, आणि दर काही आठवड्यांनी तुमच्याशी वेगळी बैठक होते. मध्यंतरी मूल अधिक हट्टी, अधिक रडवे होण्याचा संभव असतो. दाबलेले वर येताना तसे होते. बिथरून न जाता ते बैठकीत सांगावे. शेवटही एकाएकी करू नये. मुलाला निरोप घेण्यासाठी काही खेपा आधीच सांगावे लागते.

आणि एक कठीण अपेक्षा. यंत्र दुरुस्तीला टाकावे तसे मूल टाकून येता येत नाही. मूल बदलू लागले की घरालाही थोडे सरकून जागा द्यावी लागते.

पण त्या जागेआधी वेळ लागतो, आणि वेळ कोणाकडे आहे? आमच्या एका सभासद बाईंच्या नवऱ्याला कामावर अपघात झाला आणि त्यांच्या मुलीने शाळेत बोलणे सोडले. दर बुधवारी दोन तास हवे होते. वरिष्ठ म्हणाले, ‘पोरीच्या खेळासाठी रजा?’ बाईंनी चार बुधवार खाडे केले. पगार कापला गेला. पाचव्या बुधवारी मुलगी गेली नाही. आम्ही मागणीपत्रकात मुलाच्या उपचारासाठी भरपगारी तासांचे कलम घातले. ते अद्याप मान्य झालेले नाही. पुढच्या करारात पुन्हा घालणार आहोत.

ही मागणी चमत्कारिक वाटते त्यांनी मागे पाहावे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या मुलाला नऊ तास राबवण्याची मोकळीक होती. १८९१ साली वय नऊ झाले आणि तास सात. १९२२ साली वय बारा आणि तास सहा. प्रत्येक वेळी धंदा बुडेल अशी ओरड झाली. धंदा बुडाला नाही. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने एकतिसाव्या कलमात खेळ हा मुलाचा हक्क मानला. भारताने १९९२ साली ती स्वीकारली. ज्या समाजाने मुलाचे नऊ तास घेतले, त्याने आठवड्याचा एक तास परत देणे म्हणजे दान नव्हे, जुनी थकबाकी आहे.

तो तास शाळेकडून, मालकाकडून आणि सरकारी इस्पितळाकडून मागून घेणे आम्हां सर्वांचे काम. तो मिळाल्यावर त्याला खाडा न होऊ देणे घरच्यांचे.