कामासाठी अर्ज, अर्जासाठी बोली

परवा रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन आला. आमच्याकडे इतक्या उशिरा फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो. पण हा म्हणाला, "दादा, तुझं क्रेडिट कार्ड चालेल का? पाच हजार पाहिजेत. माझ्या डेबिट कार्डावर इंटरनॅशनल पेमेंट अडकतंय."

पठ्ठ्या सांगलीला असतो. इंजिनियरिंग संपून दीड वर्ष झालं. पुण्यात दोन-चार इंटरव्ह्यू दिले, जमलं नाही, मग घरी बसून फ्रीलान्सिंग सुरू केलं. वेबसाइटा बऱ्या करतो, माझ्यापेक्षा तर नक्कीच बऱ्या. पाच हजार त्याला हवे होते ते कामासाठी अर्ज करायला. म्हणजे अर्ज 'वर' दिसावा म्हणून.

मी म्हटलं, आधी हिशोब सांग. तीन महिन्यांत चाळीसेक अर्ज, त्यावर खर्च अकरा हजार. त्यातले क्लायंटने उघडून पाहिले असे तीन. काम मिळालं एक, चाळीस डॉलरचं. साइटचं कमिशन जाऊन हातात आले जेमतेम तीन हजार. (कुठल्या साइटवर ते लिहीत नाही. चूक तिची की आमच्या पठ्ठ्याची हे मलाच अजून ठरवता आलेलं नाही.) मामाला यातलं काही माहीत नाही. "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि झोप उडाली ती उडालीच. मग काय, शनिवार-रविवार वाचत बसलो. त्यातून हे लिखाण.

तर सुरुवातीपासून. १९९८ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एमआयटीच्या थॉमस मॅलोन आणि रॉबर्ट लॉबाकर यांचा एक लेख आला होता. मोठ्या कंपन्यांची जागा इंटरनेटने जोडलेले सुटे कारागीर घेतील, असा त्याचा एकूण सूर. त्यांनी या प्रकाराला 'ई-लान्स' म्हटलं. त्यावरूनच 'ईलान्स' ही कंपनी निघाली. काढणाऱ्यांपैकी एक बीरुद शेठ, आपल्या पवईच्या आयआयटीचे. (पुढे 'गपशप' काढली तेच हे.) म्हणजे या धंद्याच्या मुळाशी एक मुंबईकर इंजिनियर आहे, हे मला या शनिवारपर्यंत माहीत नव्हतं!

ईलान्सवर पद्धत उलट्या लिलावाची. गिऱ्हाईक काम सांगणार, कारागीर बोली लावणार, आणि बोली खाली खाली जाणार. कोणी म्हणतो पाचशे डॉलर, कोणी चारशे, मग कोणीतरी (बहुतेक आपल्याच बाजूचा) दीडशे. २००३ मध्ये दोन ग्रीक मित्रांनी 'ओडेस्क' काढली. तिचा भर तासावर. दर दहा मिनिटांना तुमच्या स्क्रीनचा एक फोटो, तो गिऱ्हाइकाला दिसणार, आणि त्यावर तासाचे पैसे. गिऱ्हाइकाला फसवणुकीची भीती राहिली नाही, कारागिराला बुडवलं जाण्याची. कॅमेऱ्याखाली काम करण्याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण ते असो. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी एकत्र यायचं जाहीर केलं आणि २०१५ मध्ये नाव झालं 'अपवर्क'.

पुढची वर्षं कमिशनच्या खेळाची. २०१६ मध्ये अपवर्कने १० टक्क्यांचा सरळ दर मोडून पायऱ्या केल्या. एका गिऱ्हाइकाकडच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, १०,००० पर्यंत १० टक्के, त्यापुढे ५. म्हणजे छोटी कामं करणाऱ्या नवख्यावर सगळ्यात जास्त भार. २०१८ च्या ऑक्टोबरात कंपनी शेअर बाजारात आली. २०२३ मध्ये पुन्हा सरसकट १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये तेही बदलून कामागणिक वेगळा दर आला, शून्यापासून १५ टक्क्यांपर्यंत.

पण कमिशन काम मिळाल्यावर जातं. पठ्ठ्याचे अकरा हजार गेले ते काम मिळण्याआधी. त्याची सुरुवात २०१९ ची. अर्ज करायला अपवर्कवर 'कनेक्ट्स' नावाचे टोकन लागतात. ते आधी महिन्याला ६० फुकट मिळायचे. त्या वर्षी कंपनीने प्रत्येक कनेक्टला १५ सेंट लावले आणि एका अर्जाला १ ते ६ कनेक्ट्स. नंतर हा आकडा वाढत मोठ्या कामांसाठी दहाच्या पुढे गेला. कारण दिलं ते असं, की फुकट असल्यामुळे लोक न वाचता शेकडो अर्ज टाकतात, गिऱ्हाईक वैतागतं, चांगला माणूस ढिगाखाली जातो.

हे कारण खोटं नाही. आपण कॉम्प्युटरवाले तर हा वाद आधीच घालून बसलोय. १९९२ मध्ये सिंथिया ड्वॉर्क आणि मोनी नाओर यांनी रद्दी ईमेलवर एक उपाय सुचवला होता. प्रत्येक ईमेल पाठवण्याआधी कॉम्प्युटरला एक छोटं गणित सोडवायला लावायचं. एका ईमेलला काही सेकंद, कोणाला जाणवणारही नाही. पण दहा लाख ईमेल पाठवणाऱ्याचं कंबरडं मोडेल. १९९७ मध्ये अ‍ॅडम बॅकने याच धर्तीवर 'हॅशकॅश' बनवलं (बिटकॉइनवाल्यांना हे नाव ओळखीचं असेल). २००४ मध्ये बिल गेट्सनी दावोसला सांगून टाकलं की दोन वर्षांत स्पॅम संपेल, आणि त्यांच्या यादीतही हे 'तिकीट' होतंच. स्पॅमचं काय झालं ते तुमच्या इनबॉक्सात पाहा :)

पण एक फरक मला शनिवारी रात्री एकदम जाणवला आणि मी उठून बसलो. ड्वॉर्क-नाओरच्या उपायात खर्च होतो, पण तो कोणाच्या खिशात जात नाही. वीज जळते, वेळ जातो, बास. त्यामुळे गणित अवघड करून कोणाचा फायदा होत नाही. कनेक्टचं तिकीट मात्र टपालखातंच विकतं. गर्दी वाढली की तिकिटं जास्त खपतात. मग गर्दी कमी व्हावी असं टपालखात्याला मनापासून वाटेल का? वाटेलही थोडंफार, कारण गिऱ्हाईक पळून गेलं तर सगळाच बाजार उठेल. पण दोन्ही हातांना दोन वेगळ्या दिशांना ओढ आहे, एवढं नक्की.

आणि मग २०२२ च्या सुमारास आले 'बूस्टेड प्रपोजल्स'. अर्जाचे कनेक्ट्स भरायचेच, वर आणखी कनेक्ट्सची बोली लावायची. ज्यांच्या बोली सगळ्यात मोठ्या ते मोजकेच अर्ज गिऱ्हाइकाच्या यादीत सगळ्यात वर. बोली कमी पडली तर बोलीचे कनेक्ट्स परत, अर्जाचे मात्र गेले ते गेले. वरची जागा मिळाली की काम मिळालंच असं नाही.

ही कल्पना अपवर्कची नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बिल ग्रॉसने 'गोटू डॉट कॉम' नावाचं सर्च इंजिन काढलं. त्यात वरची जागा सरळ लिलावाने विकायची, एका क्लिकला एक सेंटपासून पुढे. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. शोधाचा निकाल विकायचा म्हणजे काय! ग्रॉसचं म्हणणं, जो पैसे मोजतो तो काहीतरी कामाचं विकत असणार, नाहीतर बुडेल. २००३ मध्ये याहूने ती कंपनी दीड अब्ज डॉलरच्या वर किंमत देऊन घेतली (तोवर नाव 'ओव्हर्चर' झालं होतं). गूगलने २००२ मध्ये याच कल्पनेत एक सुधारणा केली. नुसती मोठी बोली पुरेशी नाही, तुमच्या जाहिरातीवर लोक क्लिक किती करतात तेही धरायचं. म्हणजे निरुपयोगी जाहिरात नुसत्या पैशाच्या जोरावर वर बसू शकत नाही. ही सुधारणा मला फार महत्त्वाची वाटते.

आता तुम्ही म्हणाल, दुकानदार जाहिरातीला पैसे देतो, मग फ्रीलान्सर हाही दुकानदारच, त्याने दिले तर बिघडलं कुठे? मीही हेच म्हणत होतो. पण पठ्ठ्याचा एक अर्ज उघडून पाहिला. त्यात दोन बोली होत्या. एक कामाच्या किमतीची, जी तो इतरांपेक्षा खाली आणत होता. दुसरी जागेची, जी तो इतरांपेक्षा वर नेत होता. दोन्हीकडून खिसा त्याचाच. ऐंशी डॉलरचं काम साठला करतो म्हणायचं आणि तेवढं म्हणायला मिळावं म्हणून चार डॉलर आधी मोजायचे. दुकानदाराची जाहिरात हजार गिऱ्हाइकं बघतात. याची एकच गिऱ्हाईक बघणार, आणि ते काम एकालाच मिळणार.

हे जाहिरातीपेक्षा मला दुसऱ्याच एका जुन्या गोष्टीसारखं वाटलं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन नावाचं शहर आहे. १९०९ च्या आसपास तिथे जंगलात, रेल्वेच्या कामावर, शेतावर जाणारे मजूर एजंटाला डॉलरभर देऊन काम विकत घ्यायचे. एजंट आणि मुकादम यांचं संगनमत. मजूर कामावर गेला की मुकादम चार दिवसांत त्याला हाकलणार, म्हणजे तीच जागा पुन्हा विकता येते. मजुरांचा कडवट विनोद होता की प्रत्येक कामावर तीन टोळ्या असतात, एक येणारी, एक काम करणारी आणि एक जाणारी. 'आयडब्ल्यूडब्ल्यू' या संघटनेने रस्त्यावर भाषणं सुरू केली, तर शहराने भाषणांवरच बंदी घातली. मग एकेक माणूस खोक्यावर उभा राहायचा, तोंड उघडायचा आणि तुरुंगात जायचा. शेकडो लोक आत गेले. एलिझाबेथ गर्ली फ्लिन ही एकोणीस वर्षांची मुलगी, तीही गरोदर, तिने स्वतःला दिव्याच्या खांबाला साखळीने बांधून घेतलं होतं म्हणजे पोलिसांना लवकर उचलता येऊ नये. १९१० मध्ये शहर नमलं, एजंटांचे परवाने रद्द झाले. १९१४ मध्ये राज्यातल्या मतदारांनी मजुराकडून फी घेणंच बेकायदा ठरवलं. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा पाच विरुद्ध चार मतांनी उडवला. न्यायमूर्ती ब्रँडाइस विरुद्ध मताचे होते, त्यांच्या निकालपत्रात या एजंटांचे सगळे उद्योग नोंदलेले आहेत. पुढे १९४१ मध्ये कोर्टाने दिशा बदलली आणि नेब्रास्का राज्याची फीवरची मर्यादा मान्य केली. मर्यादा किती, तर पहिल्या महिन्याच्या पगाराच्या १० टक्के. आणि तीही नोकरी मिळाल्यावर!

इतक्या लांब जायचीही गरज नव्हती म्हणा. माझे पणजोबा संगमेश्वराकडून मुंबईत गिरणीत आले. आजोबा सांगायचे, की गावाहून परतताना पणजोबांच्या बोचक्यात एक कुळथाची पिशवी वेगळी बांधलेली असायची, ती जॉबरची. सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाल्यांची गर्दी, त्यातून कोणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवणार. दस्तुरी दिली तर खाडा झालेल्याच्या जागी तुमचा नंबर. न दिली तर उद्या या. व्हिटली कमिशनने (न. म. जोशी त्याचे सदस्य होते) १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या लाचखोरीवर लिहिलं आहे. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कार्डं सुरू केली, ठरावीक लोकांनाच कार्ड, म्हणजे जॉबरच्या मर्जीला थोडा लगाम. आणि १९४५ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत असताना, सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली. तिथे नाव नोंदवायला पैसे पडत नसत. (नोकरीही फारशी लागत नसे, असं वडील म्हणतात.) आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारातही हेच तत्त्व आहे. खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये, अपवाद काही मोजकेच. पण फ्रीलान्सर कामगार नाही, स्वतंत्र धंदेवाला आहे, असं साइटच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. पठ्ठ्याने त्यावर 'मान्य' दाबलेलं आहे.

अपवर्कला जॉबर म्हणणं अन्याय होईल हे मला कळतं. जॉबरची दस्तुरी लपून होती, इथे बोली उघड आहे आणि नियम सगळ्यांना सारखा. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून छान इंग्रजीतला अर्ज लिहायला काहीच मेहनत उरली नाही. गिऱ्हाइकाने शंभर अर्जांतून खरा कसा ओळखायचा? काहीतरी गाळणी हवीच. माझा आक्षेप गाळणीत काय मोजलं जातं त्यावर आहे. पन्नास माणसांच्या एजन्सीला बोलीचे चार डॉलर म्हणजे किरकोळ. ज्याच्याकडे एकही रिव्ह्यू नाही त्याला वर दिसण्याची गरज सगळ्यात जास्त, आणि परवडतं सगळ्यात कमी.

रविवारी दुपारी फोन केला. हे सगळं काही सांगितलं नाही, तो म्हणाला असता दादा पकवू नकोस. फक्त मार्टिन शुबिकचा १९७१ चा खेळ सांगितला. एक डॉलरच्या नोटेचा लिलाव. सगळ्यात मोठी बोली नोट नेते, पण दुसऱ्या नंबरच्यालाही आपली बोली भरावी लागते. त्यामुळे नव्वद सेंटवाला एक डॉलर म्हणतो, आणि त्याच्या पुढचा एक डॉलर दहा सेंट. पठ्ठ्या खो खो हसला. "येडे लोक," म्हणाला.

मी पाच नाही, दोन हजार दिले. अट एकच, साधे अर्ज करायचे, बूस्ट नाही. शिवाय पुण्यात आमच्या ओळखीच्या दोन दुकानदारांना वेबसाइट हवी आहे, त्यांचे नंबर दिले. "बघतो" म्हणाला.

आज ऑफिसातून परत येताना त्याचा मेसेज आला. "दादा, मस्त काम आहे, ३०० डॉलर. सध्या पाचवा आहे. अजून सहा टाकले तर तिसरा होतो. टाकू का?"

मी विचारलं, आत्तापर्यंत यावर किती टाकलेस?

निळ्या टिका दिसतायत. उत्तर अजून आलेलं नाही.