नमुना आणि कबुली : वस्त्रप्रदर्शनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कपड्यांच्या व्यापारी प्रदर्शनांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा बातमीच्या अंगाने. रॅम्पवर कोण चालले, फीत कोणी कापली, किती कोटींचे करार झाले, एवढे वाचायला मिळते. पण एखाद्या बाईने आपल्या नावाने वीस-पंचवीस नमुने शिवून घेतले, वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली, रात्रभराचा प्रवास करून गोरेगावचे प्रदर्शन केंद्र गाठले आणि तीन बाय तीन मीटरच्या गाळ्यात ती दिवसभर उभी राहिली, तर तिच्या पदरात नेमके काय पडले, याची नोंद फारशी होत नाही. ही प्रस्तावना त्या नोंदीसाठी आहे. वाणिज्य शिकणारे, वस्त्रांचा इतिहास वाचणारे, बचत गटात शिवणकाम करणारे, आणि स्वतःचा लहानसा ब्रँड काढून पहिल्या स्टॉलचे भाडे भरायचे की नाही या विचारात पडलेले, असे सगळे या अभ्यासात हवे आहेत. यात आधीपासून कोणी तज्ज्ञ बसलेले नाहीत, त्यामुळे आत यायला कोणाची परवानगी लागत नाही.

सुरुवात पिपरी मेघेपासून करतो, त्याला कारण आहे. सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे यांच्याप्रमाणे हे गावही वर्धा शहराच्या अंगाला लागून वाढले. इथून खादी-ग्रामोद्योगाच्या कामाशी जोडलेली मगनवाडी, गोपुरी आणि सेवाग्राम ही तिन्ही ठिकाणे हाकेच्या अंतरावर म्हणावीत अशी आहेत. कापूस कोणाला दाखवायचा, कापड कोणासमोर मांडायचे आणि त्याची किंमत कोणी ठरवायची, या तीन प्रश्नांवर जितका विचार या दहा-बारा किलोमीटरच्या टापूत झाला तितका देशात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. मिलान किंवा पॅरिसपासून सुरुवात केली तर आपण या विषयात कायम पाहुणेच राहू. वर्ध्यापासून केली तर हाताशी भांडवल आहे.

कापड मांडून दाखवण्याचा इथला इतिहास फॅशनच्या कितीतरी आधीचा आहे. डिसेंबर 1865 मध्ये नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरले. अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपले होते, त्या काळात वऱ्हाड आणि मध्य प्रांताच्या कापसाकडे मँचेस्टरचे डोळे लागलेले होते, आणि हिंगणघाटचा कापूस त्या बाजारात गावाच्या नावानेच ओळखला जाई. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानातल्या कापडांचे 700 तुकडे कापून, 18 खंडांत चिकटवून, त्यांचे 20 संच तयार केले. त्यातले 13 ब्रिटनमध्ये राहिले आणि 7 इकडे आले. हेतू उघड होता. इथले लोक काय नेसतात, कोणता काठ आणि कोणता पोत त्यांना आवडतो, हे तिकडच्या गिरणीवाल्याला टेबलावर बसून कळावे आणि त्याने ते विणून इकडे विकावे. आज व्यापारी प्रदर्शनात आपला नमुना कोणी मोबाइलवर टिपला की पोटात गोळा येतो, ती भीती दीडशे वर्षांहून जुनी आहे. दाखवल्याशिवाय विक्री नाही, आणि दाखवले की नक्कल होणार. डिझाइन नोंदवून घेण्याचा 2000 सालचा कायदा हाताशी आहे, पण दर हंगामाला पंचवीस नमुने काढणाऱ्या लहान उत्पादकाला ती वाट खर्चाची आणि संथ पडते.

वर्ध्याने या पेचाला दिलेले उत्तर वेगळे होते, आणि मला ते या विषयातले सर्वांत मोलाचे वाटते. काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून औद्योगिक प्रदर्शन भरवण्याची रीत 1901 च्या कलकत्ता अधिवेशनापासूनची. 1934 च्या मुंबई अधिवेशनात हे काम अखिल भारत चरखा संघ आणि नव्याने उभा राहणारा ग्रामोद्योग संघ यांच्याकडे सोपवण्यात आले. ग्रामोद्योग संघाचे बिऱ्हाड होते वर्ध्याच्या मगनवाडीत, जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, आणि सूत्रे होती जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती. 1936 मध्ये लखनौला आणि वर्षअखेरीस आपल्या खानदेशात फैजपूरला जी प्रदर्शने झाली, त्यांची घडण या विचारातून झाली. फैजपूरचे अधिवेशन खेड्यात भरलेले पहिलेच, आणि त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साहित्यातून उभी केली होती. तिथे तयार मालाइतकेच महत्त्व तो माल होताना दाखवण्याला होते. पिंजण, पेळू, चाती, माग हे सगळे चालते ठेवायचे, बघणाऱ्याने प्रश्न विचारायचे आणि जमल्यास शिकून जायचे. ज्याला नक्कल करायची असेल त्याने खुशाल करावी, उलट त्यासाठीच तर हे मांडले आहे, अशी ती भूमिका. 1938 मध्ये मगनवाडीतच गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले आणि या फिरत्या प्रदर्शनांना कायमचे घर मिळाले. इतिहासकार लिसा त्रिवेदी यांनी 2007 च्या आपल्या पुस्तकात खादी प्रदर्शनांना राष्ट्र डोळ्यांनी दाखवण्याचे साधन म्हटले आहे. ते बरोबरच आहे. पण वर्ध्यात उभे राहून पाहिले की त्याच प्रदर्शनांत किमतीचाही एक धडा दिसतो.

तो धडा 1935 सालचा. चरखा संघाने त्या वर्षी ठरवले की सूत कातणाऱ्या बाईची मजुरी बाजार काय देतो यावर ठरवायची नाही. आठ तास नीट काम केले तर पोटापुरते अन्न आणि अंगापुरते वस्त्र मिळेल, इतकी ती असली पाहिजे. याचा अर्थ खादी महागणार, आणि गिऱ्हाईक दुरावेल ही भीती कार्यकर्त्यांनाही होती. तरी ठराव झाला. आज एखादी स्वतंत्र उत्पादक प्रदर्शनात उभी राहते तेव्हा खरेदीदार तिला आधी दुकानातली किंमत सांगतो, त्यातून आपला नफा वजा करतो आणि उरेल त्यात कपडा बसवून मागतो. किंमत वरून खाली येते. 1935 चा हिशेब खालून वर जातो. किंमत नेमकी कुठून मोजायला सुरुवात केली, हा प्रश्न प्रत्येक स्टॉलवर विचारता येतो, आणि अभ्यासकाने तो विचारलाच पाहिजे.

आता आजच्या प्रदर्शनाकडे वळू. जत्रेत किंवा बचत गटांच्या सरस मेळ्यात माल असतो आणि तो तिथल्या तिथे विकला जातो. व्यापारी प्रदर्शनात विक्रीचा माल नसतोच, फक्त नमुने असतात. ही कल्पना जर्मनीतल्या लाइपझिगच्या जत्रेने 1890 च्या दशकात रुळवली. गाड्या भरून माल आणण्याऐवजी व्यापाऱ्यांनी नमुना आणायचा आणि ऑर्डर घेऊन जायचे. मुंबईत क्लोदिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा नॅशनल गारमेंट फेअर याच तत्त्वावर चालतो. जुलैत सणासुदीच्या आणि हिवाळ्याच्या मालाची बोलणी होतात, आणि ठिकठिकाणचे ठोक व किरकोळ व्यापारी वही घेऊन गाळ्यागाळ्यांतून फिरतात. मुरलेला खरेदीदार कपड्याची पुढची बाजू आधी पाहत नाही. तो कुर्ता उलटा करतो, शिलाईची कड चिमटीत धरतो, पन्हा विचारतो, मग साइजचा सेट कसा आहे ते विचारतो, आणि शेवटी हलक्या आवाजात म्हणतो, जांगड द्याल का? म्हणजे माल आधी न्यायचा, विकला तर पैसे, नाही तर माल परत. नव्या माणसाला ऑर्डर मिळाल्याचा आनंद होतो, आणि न खपलेल्या मालाचा सगळा भार आपल्याच डोक्यावर राहिला आहे हे हंगाम संपल्यावर कळते.

म्हणून माझे म्हणणे असे की या विषयाचा अभ्यास रॅम्पपासून सुरू न करता ऑर्डर बुकापासून करावा. गाळ्यात नमुना दाखवला जातो, पण देवघेव होते ती कबुलीची. हाच कपडा, याच रंगात, इतके नग, अमुक तारखेला. ती कबुली पाळणारी माणसे गाळ्यात नसतात, ती घरी असतात.

एक हिशेब मांडू. समजा एका दुकानाने हातसुताच्या 300 कुर्त्यांची ऑर्डर दिली. कुर्त्याला अडीच मीटर धरले तर 750 मीटर कापड लागले. मीटरला 120 ग्रॅम धरले तर 90 किलो सूत. सूत 40 नंबरचे असेल तर किलोला हजार मीटरच्या 40 गुंड्या, म्हणजे 3,600 गुंड्या. आठ चात्यांच्या अंबर चरख्यावर एक बाई दिवसाला 20 गुंड्या कातते असे मानले तर 180 दिवसांची कताई. विणकर दिवसाला 5 मीटर विणत असेल तर 150 दिवसांची विणाई. सहा कातणाऱ्या आणि पाच माग असतील तर दोन्ही कामे महिन्याभराची आहेत, पण सूत आधी आणि विणाई नंतर, मग रंगाई, बेतणे, शिलाई, काजे-बटण. यातले आकडे प्रत्येक केंद्रात बदलतील, आणि ते बदलून पाहणे हाच विद्यार्थ्याचा पहिला अभ्यास. जुलैत घेतलेली ऑर्डर दिवाळीच्या आधी दुकानात पोचवायची तर मध्ये पोळा, गणपती, महालक्ष्म्या येतात, आणि वर्धा जिल्ह्यात याच दिवसांत निंदण-फवारणीची कामेही असतात. चरख्यावर बसणारीच बाई शेतातही लागते. हे वेळापत्रक माहीत नसलेल्या माणसाने गोरेगावात दिलेली तारीख पोकळ ठरते.

रंगाचे प्रकरण याहून नाजूक. मगन संग्रहालयाच्या परिसरात सेंद्रिय कापूस आणि वनस्पतीजन्य रंगांची खादी तयार होते, आणि तिथे रंगाईपाशी थोडा वेळ थांबले की कितीतरी गोष्टी उलगडतात. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचे, मग तुरटी, मग रंग. हिरड्यातला तुरटपणा दर मोसमाला सारखा नसतो. मंजिष्ठेचा लाल क्षार असलेल्या जड पाण्यात जसा उतरतो तसा हलक्या पाण्यात उतरत नाही. आता एका भांड्यात 10 किलो रंगते असे धरले तर वरच्या 90 किलोला नऊ घाणे लागतील, आणि नऊ घाण्यांतून नऊ किंचित वेगळे लाल निघतील. खरेदीदाराने मात्र एकच तुकडा पाहून सही केलेली असते. गिरण्यांनी या अडचणीवर केव्हाच तोड काढली आहे. त्या एक तुकडा मंजूर करून घेत नाहीत, सर्वांत फिका आणि सर्वांत गडद असे दोन्ही टोकांचे तुकडे कार्डावर लावतात आणि मधले सारे चालेल अशी सही घेतात. लहान उत्पादकाने हे जरूर उचलावे. हाताच्या कामात फरक पडतोच असे सांगून माफी मागण्यापेक्षा तो फरक आधीच मोजून, कार्डावर लावून समोर ठेवला तर खरेदीदार त्याचा मान राखतो.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. कातणाऱ्या बाईला आठवड्याला मजुरी हवी असते आणि दुकानाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. पण नव्या गिऱ्हाइकासमोर कायद्याचे नाव काढायला लहान उत्पादक धजत नाही. विसार किती मागितला आणि किती मिळाला, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तरी या धंद्यातली ताकद कोणाकडे आहे ते दिसते.

जगभरच्या अभ्यासकांनी या विषयात जे काम केले आहे ते आपल्या उपयोगाचे आहे. लिसे स्कोव यांनी 2006 मध्ये दाखवले की व्यापारी मेळ्यात विक्रीइतकेच महत्त्व सहभागींनी एकमेकांना पाहण्याला, आपली जागा ताडून घेण्याला असते. त्याच वर्षी जोअॅन एन्टविसल आणि आन्येस रोकामोरा यांनी लंडन फॅशन वीकवर लिहिताना प्रवेशद्वार, पास आणि खुर्च्यांच्या रांगा यांतून प्रतिष्ठा कशी आखली जाते ते तपासले. तारीखही सत्ताच असते. 1951 च्या फेब्रुवारीत जोव्हानी बातिस्ता जॉर्जिनी यांनी फ्लोरेन्समध्ये इटालियन कपड्यांचे पहिले प्रदर्शन भरवले ते पॅरिसच्या हंगामाला लागूनच, म्हणजे युरोपात आलेले अमेरिकी खरेदीदार परतण्याआधी तिकडे वळावेत. एका माणसाने कॅलेंडरातली फट हेरली आणि एका देशाच्या फॅशनला बाजार मिळाला. विदर्भातल्या उत्पादकांसाठी अशी फट कोणती, हा प्रश्न अजून कोणी धसास लावलेला मला आढळला नाही.

तो लावण्याची वेळ मात्र आली आहे. 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्यात झालेल्या पीएम विश्वकर्मा कार्यक्रमातच अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीत भारत टेक्स हे वस्त्रप्रदर्शन पहिल्यांदा भरले होते आणि शेतापासून परदेशापर्यंतची साखळी एका छताखाली दाखवण्याचा संकल्प तिथे मांडला गेला. हजार एकरांच्या पार्कचे आणि पाच मागांच्या केंद्राचे नमुने एकाच दालनात लागले तर बघणाऱ्याची नजर कुठे थांबेल? भंडाऱ्याकडची मोहाडी-आंधळगावची करवतकाठी साडी, गोपुरीची खादी आणि पार्कात तयार होणारे कापड ही तिन्ही विदर्भाचीच. त्यांची मांडणी एका रांगेत करायची की वेगवेगळी, किंमतपट्टीवर मजुरीचा वाटा लिहायचा की नाही, हे निर्णय आजवर बहुधा सजावटीचे कंत्राट घेणाऱ्यांवर सोडलेले आहेत. ते विचारपूर्वक घेण्यासाठी लागणारी माहिती गोळा करणे हे आपले काम आहे.

या माहितीत एका गोष्टीची उणीव मला सर्वांत जास्त खटकते. मिळालेल्या ऑर्डरी वहीत राहतात. नाकारलेल्या कुठेच राहत नाहीत. खरेदीदाराने तीन हजार नग मागितले आणि उत्पादकाने तीनशेच्या वर जमणार नाही असे सांगितले, भाव परवडला नाही म्हणून हात जोडले, रंगाची हमी देता येणार नाही म्हणून सही केली नाही, असे क्षण प्रत्येक प्रदर्शनात घडत असतात आणि संध्याकाळी गाळा आवरताना विसरले जातात. या भागातल्या उत्पादनाची खरी ताकद आणि खरी मर्यादा तिथे उघडी पडते. म्हणून जे प्रदर्शनात उभे राहतात त्यांना माझी विनंती आहे की ऑर्डर बुकाची शेवटची काही पाने यासाठी कोरी ठेवावीत, आणि नाकारलेल्या प्रत्येक मागणीची तारीख, नग, मागितलेला भाव आणि नकाराचे कारण तिथल्या तिथे लिहावे. आणि जे विद्यार्थी आहेत त्यांनी पुढच्या जुलैत गोरेगावच्या दालनात शिरल्यावर पहिला प्रश्न त्याच पानांविषयी विचारावा.