ऊन फुकट, भांडं विकत
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मुंबईत कुलाब्याला १८७८ साली एका इंग्रजाने उन्हावर वाफेचा पंप चालवून दाखवला होता, असं मी सांगतो तेव्हा लोकांना ती कवीची थाप वाटते. पण थाप नाही. विल्यम अ‍ॅडम्स त्याचं नाव. मुंबईच्या हायकोर्टात तो डेप्युटी रजिस्ट्रार होता. म्हणजे दिवसभर खटल्यांचे कागद आणि उरलेल्या वेळात आरसे. त्याने साधे सपाट आरसे एका मोठ्या अर्धवर्तुळाकार चौकटीत बसवले, सगळ्यांचे कवडसे एकाच बॉयलरवर पाडले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. सूर्य सरकला की चौकटही सरकवायची. त्याने सूर्यावरची चूलही केली. आठ आरशांचं अष्टकोनी नरसाळं, मधोमध तांब्याचं भांडं, वर काचेचं झाकण. सात शिपायांचा शिधा त्यात दोन तासांत शिजला, अशी नोंद आहे, तीही जानेवारीतली.

हा त्याचा निव्वळ छंद नव्हता. गिरण्या वाढत होत्या, आगगाड्या वाढत होत्या आणि कोळसा बराचसा विलायतेहून बोटीने यायचा, म्हणून महाग पडायचा. लाकडासाठी जंगलं तुटत होती. उष्ण देशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता वापरावी, हाच त्याच्या पुस्तकाचा विषय आणि हेच पुस्तकाचं नाव. ते मुंबईतच छापलं गेलं. पुढे काय झालं? काहीच नाही. यंत्र चालत होतं, ऊन भरपूर होतं, गरजही होती. तरी काही झालं नाही.

मी साधा बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेपुरता. त्यामुळे आरशांचा कोन किती असावा, हे मला विचारू नका. पण 'काहीच झालं नाही' या तीन शब्दांमागे काय असतं, याचा नाद मला लागला आणि मी थोडंफार वाचत गेलो. अ‍ॅडम्सच्याच वर्षी, १८७८ साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑगस्टिन मूशो नावाच्या गणिताच्या शिक्षकाने सूर्याच्या उष्णतेवर बर्फ तयार करून दाखवला. त्याला सुवर्णपदक मिळालं. पण तोवर फ्रान्सला इंग्लंडचा कोळसा स्वस्तात मिळू लागला होता. सरकारने हिशेब केला आणि मूशोचा निधी आटला. पुढे १९१३ साली इजिप्तमध्ये, कैरोजवळच्या माआदीला, फ्रँक शुमन या अमेरिकन माणसाने आरशांच्या लांबच लांब पन्हळी मांडून नाईलचं पाणी शेतात चढवलं. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते कामही थांबलं. युद्धानंतर जग खनिज तेलाच्या मागे लागलं.

तिन्ही ठिकाणी ऊन फुकटच होतं. विकत घ्यायचे होते ते आरसे, तांबं, बॉयलर. कोळसा किंवा लाकूड रोज लागेल तेवढं घेता येतं, पैसे नसतील तर आज कमी घ्यायचं. सूर्याचं तसं नाही. तिथे पंधरा-वीस वर्षांच्या इंधनाचे पैसे जणू पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. श्रीमंत देशाला हे परवडतं. ज्याच्या हातात एका वेळी दहा-वीस रुपयेच येतात, त्याने काय करायचं?

हे मला पुस्तकातून कळलं असं म्हणणं खोटं होईल. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात वीज आली होती, पण आमच्या घरात नव्हती. अब्बा शिवणकाम करायचे. सणासुदीच्या दिवसांत मशीन रात्री उशिरापर्यंत चालायची, कंदिलाच्या उजेडात. संध्याकाळी गळ्याला सुतळी बांधलेली बाटली घेऊन मी दुकानात जायचो. रेशनचं रॉकेल महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच संपलेलं असायचं. मग दुकानातलं, आठ आण्याचं, फार तर रुपयाचं. एकदम पाच लिटर घेतलं तर दर कमी पडतो, हे अम्मीला ठाऊक होतं. पण एकदम पाच लिटरचे पैसे घरात कधी नसत. गरीब माणूस उजेड किरकोळीत घेतो आणि म्हणून महाग घेतो.

आपल्याकडच्या सौरचुलीची गोष्टही इथेच सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात अंतर्वक्र आरशाची सौरचूल तयार केली. नव्या स्वतंत्र देशाचं फार कौतुकाचं काम होतं ते. बाजारात मात्र ती चालली नाही. गोवरी आणि काटक्या पैसे न मोजता मिळत असताना आरसा कोण विकत घेणार? पुढे १९८० च्या दशकात सरकारी अनुदानावर पेटीसारखी सौरचूल आली. आमच्या शेजारी राहणाऱ्या गुरुजींनी ती आणली होती. आत चार काळे डबे, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. वरण-भात छान व्हायचा, शेंगदाणे तर फारच खमंग भाजायचे. पण भाकरी? भाकरीला तवा हवा, जाळ हवा. आणि शेतावर जाणाऱ्या बाईचा स्वयंपाक सकाळी सूर्य वर यायच्या आत उरकलेला असतो. दोन वर्षांनी गुरुजींच्या घरी ती पेटी पापड-कुरडया वाळवायला वापरली जाई. ज्याने ती तयार केली त्याने आमच्या बायकांना विचारलं असतं, तर बरं झालं असतं. उलट जिथे शेकडो माणसांचा स्वयंपाक दिवसाउजेडी होतो, तिथे हेच तंत्र चाललं. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ मोठ्या तबकड्या बसवून वाफेवर हजारोंचं जेवण शिजू लागलं.

विजेची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. उन्हातून थेट वीज देणारा सिलिकॉनचा घट अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखवला. तो इतका महाग होता की त्याचं पहिलं खरं गिऱ्हाईक अंतराळ हेच ठरलं. आपल्या १९७५ च्या 'आर्यभट्ट' उपग्रहावरही सौरघट होते. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या आणि लोकांना सूर्य पुन्हा आठवला. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९७७-७८ मध्ये देशी सौरघट आणि पॅनेल तयार केलं. त्या वेळी जगात एका वॅटच्या सौरघटाला साधारण ७६ डॉलर पडत. आज पॅनेलचा भाव वॅटला दहा-पंधरा सेंटपर्यंत उतरला आहे. एवढी घसरण मी दुसऱ्या कुठल्या वस्तूची पाहिलेली नाही. कवितेच्या पुस्तकांच्या खपाची सोडून.

पण भाव उतरण्याआधीच काही लोकांनी दुसऱ्या बाजूने विचार केला होता. हरीश हांडे यांनी १९९५ साली बंगळूरला 'सेल्को' नावाची कंपनी सुरू केली आणि कर्नाटकातल्या गरीब घरांत सौरदिवे न्यायला सुरुवात केली. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते एका फेरीवालीची गोष्ट सांगतात. दिव्याचा हप्ता महिन्याला तीनशे रुपये म्हटल्यावर तिने नकार दिला, पण रोज दहा रुपये म्हटल्यावर लगेच हो म्हणाली. शाळेतल्या गणितात हे दोन्ही सारखेच. तिच्या गणितात नव्हते. संध्याकाळी गाडी आवरताना दहा रुपये हातात असतात, महिनाअखेरीला तीनशे नसतात. मग बँकेला समजावायचं, वसुली रोजची ठेवायची, दिवा कामाच्या जागेप्रमाणे बसवायचा, हा त्या कंपनीचा खरा उद्योग झाला.

हेच गणित बांगलादेशाने देशभर मांडलं. तिथे ग्रामीण शक्ती ही संस्था १९९६ साली निघाली. तीस-पस्तीस घरांच्या वाडीला पुराच्या पाण्यातून तारा न्यायच्या तर खर्च परवडणारा नव्हता. २००३ पासून इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेची मदत घेऊन स्थानिक संस्थांना पैसा पुरवला. घराच्या छपरावर एक पॅनेल, खाली बॅटरी, तीन-चार दिवे, मोबाइल चार्ज करायची सोय. सुरुवातीला दहा-पंधरा टक्के भरायचे, बाकीचे दोन-तीन वर्षं हप्त्याने. हप्ता असा बेतायचा की तो रॉकेलच्या महिन्याच्या खर्चाच्या जवळपास बसावा. म्हणजे बाटली घेऊन दुकानात जाणारे पैसेच कर्ज फेडणार. २००८ पर्यंत पन्नास हजार घरं गाठायची ठरली होती, ती २००५ मध्येच गाठली. पुढे हा आकडा चाळीस लाख घरांच्या वर गेला. सुमारे दोन कोटी माणसं त्या उजेडात आली. अनुदान होतं, पण ते दरवर्षी कमी करत नेलं होतं. मला ही त्यांची सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

शेवट मात्र तितका गोड झाला नाही. एकीकडे सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून तसेच संच फुकट वाटले जाऊ लागले. शेजाऱ्याला फुकट मिळालं तर मी हप्ता का भरू, हा प्रश्न माणसाला पडणारच. दुसरीकडे विजेच्या तारा अपेक्षेपेक्षा लवकर पोचल्या. हप्ते थकले, संस्था अडचणीत आल्या आणि २०१८ च्या सुमारास नवे संच देणं थांबलं. तरी पंधरा वर्षं मुलांनी त्या दिव्याखाली अभ्यास केला, हे कुणी पुसू शकत नाही.

आपल्याकडे बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे. २०१४ साली तिथे एका पर्यावरणवादी संस्थेने शंभर किलोवॅटचा सौरप्रकल्प उभारला. गाजावाजा मोठा झाला. मुख्यमंत्री आले तेव्हा गावकऱ्यांनी मागणी केली, आम्हाला 'असली बिजली' द्या. लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या सौरविजेवर दिवा-पंखा चालायचा, पण फ्रिज लावायची मुभा नव्हती. शिवाय युनिटचा दर सरकारी विजेच्या काही पट होता, कारण सरकारी विजेला अनुदान होतं आणि हिला नव्हतं. लवकरच तारेची वीज आली. इकडे बॅटऱ्या थकल्या. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते आणि तो पैसा पुन्हा एकरकमीच लागतो. काही वर्षांनी त्या प्रकल्पाच्या आवारात जनावरं बांधलेली दिसत होती. शहरातल्याला कोळशाची वीज हवी तितकी आणि खेडुताला स्वच्छ वीज मोजून दिलेली; असली कसली ही पर्यावरणाची वाटणी?

आता मोठ्या प्रकल्पांचं. २०१० च्या जानेवारीत राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली. त्या वर्षअखेरच्या लिलावात युनिटचे दर अकरा-बारा रुपयांच्या घरात होते. २०१७ मध्ये राजस्थानच्या भडलाला २ रुपये ४४ पैसे निघाला, २०२० च्या डिसेंबरात गुजरातेत १ रुपया ९९ पैसे. पुढे आयात पॅनेलवर सीमाशुल्क लागलं आणि दर थोडे वर गेले. २०२५ च्या सुरुवातीला देशाची सौरक्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. भारतासारख्या देशाला सौरवीज परवडेल का, हा प्रश्न दिवसाच्या विजेपुरता तरी निकाली निघाला आहे. रात्रीचा प्रश्न बॅटरीवर अवलंबून आहे आणि बॅटऱ्यांचे भावही आता उतरू लागले आहेत.

पण देशाला परवडणं वेगळं आणि माणसाला परवडणं वेगळं. आमच्या मराठवाड्यात शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. विंचू-सापाच्या भीतीत, थंडीत, माणसं रात्री दोनला दारं धरायला जातात. म्हणून २०१७ सालची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला मनापासून पटली. गावाच्या उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज दिवसा शेताला द्यायची. शेतकऱ्याला आधी दमडी मोजावी लागत नाही. स्वतंत्र सौरपंप घ्यायचा तर दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के, बाकीचं सरकारचं. आता भीती एकच वाटते. पंप एकदा बसला की पाणी उपसायला पैसा लागत नाही, आणि विहिरीत पाणी किती आहे हे पॅनेलला कळत नाही.

शहरात वेगळीच अडचण. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. बंगलेवाल्या माझ्या मित्राचं विजेचं बिल आता जवळजवळ शून्यावर आलं आहे. मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. छत सोसायटीचं, घर मालकाचं, बिल तेवढं माझं. चाळीत, झोपडपट्टीत, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं तर विचारूच नका. यावर उपाय निघतोय. दूर कुठे तरी उभारलेल्या एका प्रकल्पात अनेक घरांनी वाटा घ्यायचा आणि ती वीज ज्याच्या त्याच्या बिलातून वजा करायची. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये त्यासाठी नियम केले. तसा वाटा मला उद्या मिळाला तर मी घेईन. फक्त तो महिन्याच्या बिलातूनच कापून घ्यावा, एकरकमी मागू नये.