कुर्बाना : उज्जैनच्या वेदीवरील एक शब्द

उज्जैन म्हटले की मराठी वाचकाच्या मनात महाकाल, क्षिप्रा आणि शिंदेशाही उभी राहते. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी याच नगरात होती. येथील ख्रिस्ती इतिहास मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. १९६८ साली पोप सहावे पौल यांनी हे क्षेत्र केरळच्या सिरो-मलबार मंडळीकडे सोपविले आणि १९७७ मध्ये ते धर्मप्रांत झाले. तेथील उपासना आज हिंदीतून होते. तिचे नाव मात्र सिरियाकच राहिले आहे : कुर्बाना.

वसईकरास किंवा गोवेकरास हे नाव प्रथम परके वाटते. आपण 'मिस्सा' म्हणतो. हा लॅटिन शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ निरोप, पाठवणी. विधीच्या अखेरच्या क्षणावरून आपण सबंध विधीस नाव दिले. कुर्बाना हा शब्द उलट आरंभाकडे पाहतो. त्याचा धातू हिब्रू, सिरियाक व अरबी या भगिनीभाषांत एकच असून त्याचा अर्थ 'जवळ जाणे' असा आहे. आपली 'कुर्बानी' आणि हिंदीतील 'करीब' ही दोन्ही त्याच कुळातली. मार्काच्या शुभवर्तमानात (७:११) येशूच्या तोंडी हाच शब्द येतो. लेवीयाच्या दुसऱ्या अध्यायात तर साध्या पिठाच्या अर्पणासही हेच नाव आहे. तेथे सुरी नाही, रक्त नाही. पीठ, तेल आणि ऊद एवढेच.

येथे आपली मराठी थोडी आडवी येते. अपघातात 'बळी' पडतात, सैनिक 'बलिदान' करतो आणि वेदीवरही 'मिस्साबलिदान' होते. एकाच शब्दकुळात मारला जाणारा आणि स्वतःस देणारा असे दोघेही कोंबले गेल्याने, कोणी मरण पावल्यावाचून यज्ञ पुरा होत नाही, असा समज नकळत दृढ होतो. सिरियाक परंपरेतही हा ताण आहेच. तेथे गर्भगृहास 'मद्बहा' म्हणतात आणि या शब्दाच्या मुळाशी पशू कापणे हाच अर्थ आहे. परंतु पडदा बाजूस सरला की त्या 'कापण्याच्या जागी' दिसते ते भाकर आणि प्याला. कालवारीवर खिळे ठोकणारे शिपाई याजक नव्हते. त्यांच्या हातून घडला तो वधच. ख्रिस्ताने स्वतःस दिले ते आदल्या रात्री, भोजनाच्या मेजावर, हे आपण दर रविवारी ऐकतो आणि दर रविवारी विसरतो.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. उज्जैनला लागूनच देवास जिल्हा आहे आणि त्यातील उदयनगर इंदूर धर्मप्रांतात येते. तेथे १९९२ पासून राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लारिस्ट भगिनी भूमिहीन आदिवासींत काम करीत होत्या. मूळच्या त्या केरळच्या. कर्जाच्या फासातून लोकांनी बाहेर यावे, आपले हक्क ओळखावेत, म्हणून त्या गावोगाव फिरत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर सुरीचे वार झाले. चोपन्न जखमा मोजल्या गेल्या. वय एकेचाळीस. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

त्यांच्याविषयी बोलताना 'त्यांचा बळी गेला' असे आपण सहज म्हणून जातो. प्रस्तुत लेखकास हे वाक्य खटकते. त्याने मारेकऱ्याच्या सुरीला याजकाचा मान मिळतो आणि ज्यांचे हितसंबंध दुखावले होते त्यांचे पाप पवित्र वस्त्रांत झाकले जाते. बसमध्ये घडला तो खून होता. अर्पण त्याआधीच सुरू झाले होते : पायवाटांनी, झोपड्यांच्या दारांशी, सावकाराच्या वहीतील आकडे समजावून सांगण्यात. त्या जवळ गेल्या होत्या. मूळ हिब्रू अर्थाने कुर्बान ते हेच, आणि मृत्यूने ते अर्पण पुरे झाले असले तरी मृत्यूने ते निर्माण केले नाही. या विवेचनाने हौतात्म्य उणे होते असे काहींना वाटेल. मला ते अधिक कठीण होते असे वाटते, कारण मग ते आपल्यालाही टाळता येत नाही.

पुढील घटना सर्वश्रुत आहे. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली व मारेकऱ्याच्या मनगटावर तिने राखी बांधली. क्षमेसाठी तिनेही तेच केले होते : ती जवळ गेली. २००६ मध्ये त्याची सुटका झाली. त्यानंतर तो उदयनगरला, राणी मारिया यांच्या समाधीपाशी, येत राहिला.