जुन्या ऑक्टाव्हियाचा टर्बो आणि खानदेशचा उन्हाळा

धुळ्याच्या मामेभावाचे मागच्या दोन महिन्यांत इतके फोन आलेत की हा भाग खरं तर त्याच्या नावावरच करायला हवा. त्याच्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. सेकंडहँड घेतलेली, पण जिवापाड जपलेली. टर्बो आता थकलाय, आणि बदलायचाच आहे तर मोठा बसवू असं त्याचं म्हणणं. "भाऊ, तू इंजिनीअर ना, सांग कोणते पार्ट घेऊ?" मी बीटेक झालो, पण काम करतो सॉफ्टवेअरचं. आपल्याकडे मात्र इंजिनीअर म्हणजे इंजिनीअर, मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं त्याला विचारायचं. मग म्हटलं, पार्टांची यादी करण्याआधी टर्बोचा इतिहासच काढून बघू. तो काढला आणि यादीचा क्रमच उलटा झाला.

आधी गाडीबद्दल. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला गाड्या जोडायला सुरुवात केली. लोकांच्या लक्षात राहिली ती डिझेल ऑक्टाव्हिया. पण २००४ मध्ये त्याच कंपनीने आरएस आणली: १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आणि टर्बो. हे इंजिन मूळ ऑडीचं, नव्वदच्या दशकातलं. गंमत अशी की युरोपात हीच आरएस १८० अश्वशक्तीची होती आणि आपल्याला मिळाली ती १५० ची. ऑडी टीटीमध्ये त्याच कुळातलं इंजिन मोठा टर्बो लावून २२५ पर्यंत गेलेलं. मामेभावाच्या डोक्यात हा २२५ चा आकडाच बसलाय. "इंजिन तेच, मग आपण का मागे?" असा त्याचा सवाल.

आता मागे जाऊ. १९०५ मध्ये आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनीअरने पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. त्या धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. कागदावर सोपं, पण ती उष्णता सोसणारे धातू तेव्हा नव्हते. ब्यूखीला वीसेक वर्षं थांबावं लागलं. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर टर्बो बसला आणि ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

मधल्या काळात, १९१८ मध्ये, अमेरिकेत सॅनफर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक डोंगरावर नेलं, १४ हजार फुटांवर. तिथे हवा विरळ. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वर २३० वर आलं. टर्बो लावल्यावर पुन्हा ३५० च्या पुढे गेलं. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण टर्बोची पहिली मोठी नोकरी ताकद वाढवण्याची नव्हती, हरवलेली हवा परत आणण्याची होती. हे डोक्यात ठेवा, जळगावच्या मे महिन्यात लागणार आहे.

प्रवासी मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये, अमेरिकेतच. एक शेव्हरलेची कॉर्व्हेअर आणि दुसरी ओल्ड्समोबिलची जेटफायर. जेटफायरची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. ३.५ लिटरचं इंजिन, २१५ अश्वशक्ती. पण हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न बघता स्वतःच पेटायला लागतं. पिस्टनवर हातोडे बसल्यासारखे ठोके पडतात, यालाच नॉकिंग म्हणतात. उपाय म्हणून कंपनीने एक वेगळी टाकी दिली. तिच्यात शुद्ध पाणी आणि मिथाइल अल्कोहोलचं मिश्रण, नाव काय तर 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. ते थोडं थोडं हवेत फवारलं जायचं आणि हवा गार व्हायची. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी व्हायचा, म्हणजे सोयही चोख होती. फक्त माणूस हिशोबात धरला नव्हता. लोक ती टाकी भरायचेच नाहीत! गाडी मंद चालते म्हणून तक्रारी सुरू झाल्या. दहा हजारांच्या आत गाड्या बनवून १९६३ मध्ये ती बंद झाली. १९६५ मध्ये तर कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली.

पुढे बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली १९७३ मध्ये, ऐन तेलसंकटात, आणि दोन हजारही बनल्या नाहीत. पोर्शची ९११ टर्बो त्याच्या पुढच्या वर्षी. तिची ताकद उशिरा आणि एकदम यायची, वळणावर तर जीव मुठीत. शहाणपण केलं ते स्वीडनच्या साबने. १९७७ च्या ९९ टर्बोत त्यांनी मुद्दाम लहान टर्बो लावला, जादा धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह दिला आणि कमी वेगातच ताकद हाताशी आणली. आमच्या आरएसचा टर्बो याच घराण्यातला आहे. लहान आहे म्हणून त्याला कमी लेखू नका.

आपल्याकडे टर्बो आला तो ट्रकमधून आणि डिझेल गाड्यांमधून. १९९८ ची पुण्याची टाटा सफारी, २००२ ची नाशिकची स्कॉर्पिओ. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथल्या मेकॅनिकांचे हात टर्बोवर बसलेत. "घाट चढून आलास ना, मग मिनिटभर इंजिन चालू ठेव, लगेच बंद करू नको," हे मी लहानपणी ड्रायव्हरकाकांकडून ऐकलंय. तेव्हा वाटायचं काहीतरी अंधश्रद्धा असेल. कारण पक्कं आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. इंजिन एकदम बंद केलं की तेल जागीच थांबतं, तापलेल्या बेअरिंगमध्ये करपतं आणि त्याचा कोळसा होतो.

आता हिशोब, कारण माझा हात तिथेच चालतो. समजा टर्बो ०.८ बार जास्तीचा दाब देतोय आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे. युरोपातल्या १५ अंशांची हवा दाबली की साधारण ९० अंशांवर जाते. जळगावच्या मे महिन्यात ४५ अंशांची हवा तेवढीच दाबली की जवळपास १२८! वर ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे आपण भुसावळच्या सपाट रस्त्यावर असलो तरी इंजिनाला वाटतं की डोंगरावर चढलोय. मॉसचा पाइक्स पीक आपल्याला उन्हाळ्यात घरबसल्या मिळतो.

त्यात पेट्रोल. ही गाडी आली तेव्हा जळगाव-धुळ्याच्या पंपावर ८८ ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं. युरोपात साधं म्हणजे ९५. ऑक्टेन कमी म्हणजे नॉकिंग लवकर. हे बघितल्यावर मला तो १५० चा आकडा अपमान वाटेनासा झाला. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. त्याने ऑक्टेन वाढलं हे चांगलंच, पण वीस वर्षं जुन्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते.

मे महिन्यात भरदुपारी आम्ही गाडीला केबल लावून लॅपटॉपवर नोंदी घेतल्या. कंट्रोल युनिट मागेल तेवढा दाब टर्बो देत नव्हता. आणि जेवढा देत होता त्यावरही युनिट ठिणगीची वेळ मागे ओढत होतं, म्हणजे नॉकिंग टाळण्यासाठी स्वतःच ताकद सोडून देत होतं. आरएसचा इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर, पुढच्या चाकाच्या वर एका बाजूला कोंबलेला. जेमतेम पुस्तकाएवढा, आणि पंख्यांत वीस वर्षांची धूळ. अशा गाडीवर २२५ वाला टर्बो बसवला तर तो आणखी गरम हवा कोंबेल, युनिट आणखी मागे ओढेल. पैसे मोठ्या टर्बोचे जाणार आणि हाती काही येणार नाही. जेटफायरवाल्यांनी टाकी भरली नाही, आपण इंटरकूलर धुतला नाही. फरक काय?

धुळ्याचा मेकॅनिक बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, इंजिन म्हतारं व्हई गयं शे." त्याने कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडर बरोबरीचे निघाले तेव्हा मामेभावाच्या जिवात जीव आला.

शेवटी कायद्याचं, आणि हे मला त्याला स्पष्ट सांगावं लागलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत बदल करण्यावर बंधन घालतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय पंधरा वर्षांनंतर गाडीचं नोंदणी नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्यासाठी तपासणी. अपघात झाला आणि विमा कंपनीला न सांगितलेला टर्बो सापडला तर दाव्याचं काय होईल? त्याच्या घरी दोन लहान मुली आहेत, आणि गाडी लग्नकार्याला सगळ्यांना घेऊन जळगावला येते. यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे २२५ विसरायचं?" मी म्हटलं, पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, आपल्याच आग्रा रोडने जायचं, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. लळिंगचा घाट काही ट्रॅक नाही.

तर यादी अशी ठरली. टर्बो नवा, पण मूळ मापाचाच, कारण ती दुरुस्ती आहे, बदल नाही. तो खात्रीच्या विक्रेत्याकडूनच. बाजारात नावाची हुबेहूब नक्कल मिळते, आणि तिचं चक्र संतुलित नसेल तर काही महिन्यांत तेल धुरातून यायला लागतं. त्याच्याबरोबर तेल आणणारी नळी नवी, जुनी धुऊन वापरायची नाही, आत करपलेलं तेल असतं. इंटरकूलर मूळ मापाचा, नवाच. दाबाच्या सगळ्या नळ्या, जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, इथेनॉल सोसणाऱ्या इंधनाच्या नळ्या, प्लग. सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, आणि हे सॉफ्टवेअरवालाच सांगतोय.

इंटरकूलर आणि नळ्या आल्यात, टर्बो पुढच्या आठवड्यात येतोय. बसवला की पुन्हा तोच रस्ता, तीच दुपारची वेळ, लळिंगचा तोच चढ, आणि लॅपटॉप चालू. आकडे पुढच्या भागात देतो.