ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि पंडिता रमाबाई

येशू ख्रिस्त हा पूर्णार्थाने ईश्वर होय काय, या प्रश्नाने ख्रिस्ती धर्मसंघ आरंभीच्या शतकांतच दुभंगला. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याचे म्हणणे असे की, पुत्र हा पित्याने निर्मिलेला आहे. सबब तो पित्याच्या बरोबरीचा नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये बोलाविलेल्या निकिया परिषदेने हे मत पाखंड ठरविले आणि पिता व पुत्र एकतत्त्व असल्याचा निर्णय दिला. तरीही वाद शमला नाही. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेला त्याच निर्णयाचा पुनरुच्चार करावा लागला.

पंधरा शतकांनंतर हाच प्रश्न एका मराठी विदुषीने विचारला. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्य व ख्रिस्ताचे ईश्वरत्व त्यांच्या बुद्धीला पटेना. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी १८८५ च्या सुमारास झालेला त्यांचा पत्रव्यवहार या वादाची साक्ष देतो. ब्राह्मणी पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. पुढे त्यांची ख्रिस्तश्रद्धा दृढ झाली, ती मात्र कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर स्वानुभवाने.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमका हाच भेद दाखविला आहे : ख्रिस्ताने स्वतःला ईश्वरपुत्र म्हणविले, तथागतांनी आपल्या धम्मात स्वतःसाठी कोणतेही स्थान राखले नाही. संस्थापकाचे देवत्व हाच जेथे धर्माचा पाया होतो, तेथे प्रामाणिक शंकाही अपराध ठरते. एरियसला ती शंका हद्दपारीपर्यंत घेऊन गेली.