डहाळीची राख, चांदीची डहाळी

हाताने घडवलेल्या एखाद्या चांदीच्या अंगठीवर नाजूक डहाळी असते. पानांच्या शिरासुद्धा स्पष्ट दिसतात. हे काम कोरणीचे असावे असे आपल्याला वाटते; पण काही वेळा अशी डहाळी कोरलेली नसते, खऱ्या डहाळीवरून ओतलेली असते. ही युक्ती सोळाव्या शतकातील युरोपात फार नावारूपाला आली.

जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील सोनार वेंट्सेल याम्निट्झर (मृत्यू १५८५) हा या कलेत निष्णात होता. त्याने १५४९ साली पूर्ण केलेले, सुमारे एक मीटर उंचीचे मेजावरचे चांदीचे शिल्प अ‍ॅमस्टरडॅमच्या राईक्स संग्रहालयात आहे. त्यावरील गवताची पाती व फुले खऱ्या वनस्पतींवरून ओतलेली आहेत.

कृती ऐकायला सोपी आहे. डहाळीभोवती प्लास्टर व विटेची बारीक पूड कालवून ओतायची आणि घट्ट झालेला साचा भट्टीत तापवायचा. आतली डहाळी जळते. राख काढली की तिच्याच आकाराची पोकळी उरते. तीत वितळलेली चांदी ओतायची. अडचणी इथूनच सुरू होतात. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. साचा थंड असेल तर पात्याच्या टोकाशी पोचण्याआधीच ती थिजते. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर पोकळी भरत नाही. शिवाय ओतकाम फसले, तर ती डहाळी परत मिळत नाही.

त्याच शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील तुलूझच्या परिसरात एका अनामिक लेखकाने नऊशेहून अधिक कृती व टिपणे लिहून ठेवली. सरडे, साप, फुले ओतताना काय साधले, काय बिघडले, याच्या नोंदी त्यांत आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील इतिहासकारांना हे हस्तलिखित नुसते वाचून पुरेसे उमगेना; म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत त्या कृती करून पाहिल्या. त्याची संपादित आवृत्ती २०२० साली प्रसिद्ध झाली.

आम्ही विज्ञानाचे अभ्यासक प्रयोगाचा इतिहास सांगताना बहुधा गॅलिलिओपासून सुरुवात करतो. पण एक गोष्ट बदलून पाहणे, फसलेले नोंदवणे, पुन्हा करणे ही रीत सोनाराच्या भट्टीशीही रुजत होती. ते नाव पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे हातांनी काम करणारा विद्यार्थी स्वतःला विज्ञानाबाहेरचा समजतो.

वर्गात चांदी वितळवता येणार नाही. पण ओल्या शाडूवर पान दाबून त्यावर प्लास्टर ओतता येईल. कोणत्या शिरा उमटल्या, कोणत्या नाहीत आणि का, एवढे मुलांना नोंदवू द्यावे.